करभार आणि गांवचा हिशेब

आपल्या शेतकरी बंधूंची नेहमींची तक्रार अशी कीं, कर वाढत जातात, पण रस्ता, पाणी आणि दिवा हीं जशींच्या तशींच राहतात. ही तक्रार खोटी नाहीं. परंतु पारावर बसून केलेली तक्रार पारावरच विरते, हेंहि तितकेंच खरें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत उमेदीचीं वर्षें घालविलीं. अर्ज कसे येतात, कोणत्या वाटेनें जातात आणि कोठें निजतात, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. त्या अनुभवाच्या आधारें, करभार हलका करून घेण्याची व सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीस आळा घालण्याची चळवळ खालून कशी उभी राहते, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम बारडोलीचें उदाहरण घेऊं. सन १९२७ मध्यें तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी ठरली. अधिकाऱ्यानें सुमारें ३० टक्के वाढ सुचविली होती. सरकारनें ती सुमारें २२ टक्क्यांवर आणून कायम केली. ता. १२ फेब्रुवारी १९२८ रोजीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं वाढीव सारा न भरण्याची प्रतिज्ञा केली. जप्त्या झाल्या, गुरें नेलीं, जमिनी लिलावांत निघाल्या. तरी तालुका हटला नाहीं. हा भाग बहुतेकांस ठाऊक आहे. त्यामागें असलेलें हिशेबाचें काम मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

बारडोलीची मागणी "सारा माफ करा" अशी नव्हतीच. जुना सारा पुरा म्हणून घ्या, नाहीं तर निःपक्षपाती चौकशी करा, एवढीच ती होती. लढ्यापूर्वीं, सन १९२६ मध्येंच, तालुक्याच्या चौकशी समितीनें आपला अहवाल तयार केला होता. आणि नरहरि परीख यांनीं सरकारी अहवालांतील आकड्यांची फोड करून त्यांतील दोष लोकांपुढें मांडले होते. ऑगस्ट १९२८ मध्यें तडजोड होऊन ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी नेमली गेली. ते गांवोगांव हिंडले, खंडाचे व्यवहार तपासले, आणि ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ उभारली होती ते नीट पडताळलेलेच नव्हते, असें त्यांस आढळून आलें. सन १९२९ मध्यें त्यांनीं वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आणली. सत्याग्रहानें सरकारला चौकशीस भाग पाडलें. पण चौकशी जिंकली ती आकड्यांनीं.

येथें आमचीहि एक चूक कबूल करणें प्राप्त आहे. आम्ही कारकून असतां एका वृद्ध शेतकऱ्याचा अर्ज आमच्या मेजावर आला. त्याची सुमारें दोन एकर जमीन ओढ्यानें कायमची वाहून नेली होती. अर्जांत "गरिबावर दया व्हावी" याखेरीज कांहीं नव्हतें. ना गट नंबर, ना पुराची तारीख. आम्हीं "तपशील नाहीं, दप्तरीं दाखल" असा शेरा मारला आणि पुढचा कागद उचलला. पांच वर्षांनीं त्याचा मुलगा मोजणीचा नकाशा व पंचनाम्याची नक्कल घेऊन आला, आणि प्रकरण त्याच हंगामांत निकालीं निघालें. तोंवर म्हातारा वारला होता. रक्कम लहानच होती. परंतु ज्या भुईवर नांगर चालत नाहीं तिचा सारा त्यानें मरेपर्यंत भरला. आम्हांस त्याला बाजूस बसवून चार ओळी लिहवून घेतां आल्या असत्या. ती खंत निवृत्तीनंतरहि गेली नाहीं, आणि हा लेख लिहिण्यास तीच कारण झाली.

आतां खर्चाची बाजू पाहूं. कर आणि खर्च हीं एकाच गाडीचीं दोन चाकें आहेत. राजस्थानांत सन १९९० मध्यें मजूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली; अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंग हे तिचे आरंभींचे कार्यकर्ते. सरकारी कामांवर मजुरी पुरी कां मिळत नाहीं, या साध्या प्रश्नापासून त्यांनीं आरंभ केला. डिसेंबर १९९४ मध्यें पाली जिल्ह्यांतील कोट किराना येथें पहिली जनसुनावणी झाली. हजेरीपट भरसभेंत वाचून दाखवावयाचे, आणि ज्यांचीं नांवें त्यांत आहेत त्यांनींच उभें राहून खरेंखोटें सांगावयाचें, अशी ती रीत होती. पुढें एप्रिल १९९६ पासून ब्यावर येथें ४० दिवस धरणें झालें. मागणी एकच: आमचा पैसा, त्याचा हिशेब आम्हांस द्या. आपल्या राज्यांतहि अण्णा हजारे यांनीं याच हक्कासाठीं उपोषण केलें. अखेर माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा ता. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणें अमलांत आला.

आतां आपल्या गांवांत काय करतां येईल तें पाहूं. आज शेतसारा पूर्वींच्या मानानें हलका आहे. घरपट्टी व पाणीपट्टी मात्र दारींच येतात. सबब आरंभ ग्रामपंचायतीपासून करावा. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे मागणीची नोंदवही. हीं चार दप्तरें ज्यास वाचतां आलीं त्यास गांवचा कारभार कळला. आपलें घर नमुना ८ मध्यें मातीचें लिहिलें आहे कीं सिमेंटचें, लांबी-रुंदी बरोबर आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. चूक असल्यास मुदतींत लेखी हरकत घ्यावी. तेवढ्यानें न भागल्यास पंचायत समितीकडे अपील करतां येतें.

खर्चाबाबत मोजमाप पुस्तकाची नक्कल मागावी. अर्जास १० रुपये शुल्क लागतें. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेंहि नाहीं. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आंत असावा. नक्कल हातीं आली म्हणजे टेप घेऊन गटार किंवा रस्ता स्वतः मोजावा आणि दोन्ही आकडे ग्रामसभेंत शेजारीं शेजारीं वाचून दाखवावे. सरपंचाची नालस्ती करण्याचें कारण नाहीं. आकडा पुरेसा बोलतो. तफावत न निघाल्यास तेंहि भरसभेंत मोकळेपणानें सांगावें, म्हणजे पुढच्या वेळीं आपल्या शब्दास वजन येतें.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. केवळ कर कमी करा असा आग्रह धरून खर्चाकडे पाठ फिरविली, तर उधळपट्टी तशीच राहते आणि आधीं नळाचें पाणी बंद पडतें. तसेंच स्वतःची थकबाकी ठेवून दुसऱ्याचा हिशेब मागणारास सभेंत तोंड राहत नाहीं. वाजवी तो कर वेळेवर भरावा, आणि पावती हातीं घेऊनच प्रश्न विचारावा.

यास मोठी संघटना लागत नाहीं. पांच माणसें, एक वही व एक टेप एवढ्यावर काम सुरू होतें. त्या पांचांत अक्षर न येणारा एक म्हातारा अवश्य असावा, आणि त्याचा अर्ज आपण आधीं लिहावा, इतकीच आमची वाचकांस विनंती आहे.