त्यांच्या अंगावरचा कोट

१६ सप्टेंबर २०१७ रोजी राज कपूर यांच्या चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली. आगीत जीवितहानी झाली नाही, पण जुन्या चित्रपटांचे जपून ठेवलेले पोशाख जळाले. बातमी ऐकून अनेकांना घरचंच काही गेल्यासारखं वाटलं, आणि यातल्या बहुतेकांनी राज कपूर यांना कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं.

पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या अशा एकतर्फी नात्याबद्दल डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. चेहरा जवळून दिसतो, आवाज ओळखीचा होतो, आणि मन त्या माणसाला आपल्या गोतावळ्यात धरू लागतं. भाषा आड येतेच असं नाही. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ मध्ये सोव्हिएत संघात पोचला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना आपलंच मानलं.

पण जळालेल्या कपड्यांचं दुःख एवढ्याने उलगडत नाही. कोट शिंप्याकडून पुन्हा शिवून घेता येतो. अगदी तसाच, त्याच मापाचा. तरी चाहत्याचं समाधान होत नाही. का? जॉर्ज न्यूमन, गिल डिझेनड्रक आणि पॉल ब्लूम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचं सुरेख उत्तर आहे. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीने वापरलेला स्वेटर घ्यायला लोक उत्सुक होते. मात्र तो निर्जंतुक करून मिळेल म्हटल्यावर ओढ कमी झाली. स्वेटर तोच, लोकरही तीच. धुऊन गेला होता तो फक्त स्पर्श. पुढे न्यूमन आणि ब्लूम यांनी खऱ्या लिलावांच्या नोंदी तपासल्या. केनेडी दांपत्य आणि मेरिलिन मन्रो यांच्या ज्या वस्तूंना त्यांचा अधिक स्पर्श झाला असावा असं लोकांना वाटत होतं, त्यांना अधिक भाव आला होता.

याला वेडेपणा म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. आषाढीला पालखीत संतांच्या पादुका असतात, आणि त्यांच्यावर डोकं टेकवताना वारकऱ्याला स्पर्शाचं हे मोल कोणी समजावून सांगावं लागत नाही. गेलेल्या आईचं लुगडं न धुता कपाटात ठेवणारी लेकही हेच करते. व्यक्तीचं काहीतरी वस्तूत उतरतं, ही माणसाची फार जुनी धारणा आहे. चाहत्याने ती फक्त सिनेमापर्यंत नेली.

स्टुडिओची जागा २०१९ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. देवनार फार्म रोडवर, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेजवळचा राज कपूर यांचा बंगलाही २०२३ मध्ये त्याच कंपनीकडे गेला. पुण्याजवळ लोणी काळभोरला त्यांचं स्मारक आहे, ते चांगलंच झालं. पण पुतळा कितीही हुबेहूब केला तरी त्या कोटाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून आज ज्या कलावंतांच्या घरांत त्यांच्या वापरातले कपडे, वाद्यं, चष्मे आहेत, त्यांची नोंद आणि जतन आताच व्हायला हवं.