पगार सांगू नका, सरासरी काढा!

ऑफिसात काहीही विचारता येतं. डाएट कुठलं, फ्लॅटचा ईएमआय किती, ‘ती’ कोण... पण ‘तुला हातात किती येतात रे?’ असं विचारलं की समोरचा लगेच पाणी प्यायला उठतो. आणि अप्रेझल जवळ आलं की नेमकी हीच माहिती प्रत्येकाला हवी असते. आपण सरासरीच्या वर आहोत की खाली?

तर मंडळी, यावर एक सॉलिड तोडगा आहे. समजा, जोगेश्वरीहून जेव्हीएलआरनं रोज ऑफिसला जाणारे तिघे आहेत. सीप्झमधला आयटीवाला, एक बँकवाली आणि एक जाहिरात एजन्सीवाली. आयटीवाल्याचा पगार 72 हजार. तो या 72 चे तीन तुकडे करतो. अगदी मनाला येतील तसे, फक्त बेरीज 72 यायला हवी. उदाहरणार्थ 415, उणे 390 आणि 47. पहिला तुकडा स्वतःकडे ठेवतो, दुसरा बँकवालीला देतो, तिसरा एजन्सीवालीला. त्या दोघीही आपापल्या पगाराचे असेच तुकडे करून वाटतात. आता प्रत्येकाच्या हातात तीन चिठ्ठ्या. प्रत्येकानं आपल्याकडच्या चिठ्ठ्यांची बेरीज तेवढी मोठ्यानं सांगायची. समजा, ती निघाली 361, 119 आणि उणे 303. या तिन्हींची बेरीज 177, म्हणजे सरासरी 59 हजार. आयटीवाला खूश!

त्या दोघींचे पगार मी तुम्हाला सांगितलेलेच नाहीत. काढून दाखवा बघू! दोघींचे मिळून 105 हजार एवढंच कळेल, त्यापुढे गाडी जात नाही.

या खेळाचं भारदस्त नाव सिक्युअर मल्टिपार्टी कम्प्युटेशन. गुपित तुकड्यांमध्ये वाटून ठेवायची युक्ती 1979 मध्ये आदी शमीर आणि जॉर्ज ब्लेकली या दोघांनी वेगवेगळी शोधली. 1982 मध्ये अँड्र्यू याओ यांनी कोडं घातलं: दोन कोट्यधीशांना आपल्यात जास्त श्रीमंत कोण हे ठरवायचंय, पण संपत्तीचा आकडा सांगायचा नाही. जमेल? जमतं, असं त्यांनीच दाखवून दिलं.

आणि यासाठी फार लांब जायला नको. तोच जेव्हीएलआर पुढे पवईला आयआयटीच्या दारावरून जातो. तिथले प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांचा हाच प्रांत. अमित सहाय यांच्यासोबत त्यांनी याच विषयावरचा ग्रंथ 2013 मध्ये संपादित केला. कॅम्पसमधल्या ‘ट्रस्ट लॅब’मध्ये क्रिप्टोग्राफी आणि प्रायव्हसीवर काम चालतं. ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर आपण ज्या गेटकडे नुसतं बघत बसतो, त्याच्या आत ही डोकेफोड सुरू असते.

पण हे फक्त फळ्यावरचं गणित आहे का? अजिबात नाही. डेन्मार्कमध्ये उसाऐवजी बीटापासून साखर होते. जानेवारी 2008 मध्ये तिथल्या सुमारे 1200 शेतकऱ्यांनी बीट पिकवण्याच्या करारांचा लिलाव याच पद्धतीनं केला. अडचण अशी होती की बीट विकत घेणारी मोठी कंपनी एकच, डॅनिस्को. कुठला शेतकरी कितीपर्यंत खाली येऊ शकतो हे तिला कळलं, तर पुढच्या वर्षी ती त्याला पिळणार. (साखर कारखान्याच्या गावातून आलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.) म्हणून बोलीचे तुकडे तिघांकडे गेले: कंपनी, शेतकऱ्यांची संघटना आणि संशोधकांची टीम. बाजारभाव ठरला, पण कुणाचीही बोली उघडी पडली नाही. पुढे बॉस्टनमध्ये कंपन्यांनी बायका आणि पुरुषांच्या पगारातली तफावत अशीच काढली, आपापली पगारपत्रकं एकमेकांना न दाखवता. म्हणजे आपल्या तिघांचा खेळ अगदीच पोरकट नाही!

‘पण हे सगळं ब्लॉकचेन करतंच की’ असं तुमच्या टीममधला क्रिप्टोवाला म्हणेल. त्याला थांबवा. ब्लॉकचेनचा फंडा बरोबर उलटा आहे. तिथे एकच वही सगळ्यांकडे असते आणि सगळ्यांना दिसते, म्हणूनच तिच्यात गुपचूप खाडाखोड करता येत नाही. 2009 पासूनचा बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार आजही कुणीही बघू शकतो. नाव नसतं, पण पत्ता असतो, आणि तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कळलं की मागचा सगळा हिशेब उघडा.

दाखल्यांसाठी मात्र हाच गुण कामाला येतो. गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये सुमारे 65 हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं, खोट्या दाखल्यांना चाप लावण्यासाठी. अशा कामात शहाणपणाची रीत म्हणजे दाखला स्वतः वहीत टाकायचाच नाही. त्याचा ‘हॅश’, म्हणजे ठसा तेवढा टाकायचा. दाखल्यातलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. पण इथेही मेख आहे. नुसत्या मोबाइल नंबरचा ठसा घेतलात तर उपयोग शून्य. दहा आकडी नंबर असून असून किती असणार? कॉम्प्युटर सगळे लावून बघतो आणि थोड्याच वेळात तुमचा नंबर हुडकून काढतो.

आणखी एक टेन्शन कायद्याचं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला सांगितलं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे. तिचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं. आता न पुसता येणारी वही आणि पुसून मागायचा हक्क, यांचा संसार कसा चालायचा?

मला विचाराल तर आपल्यासारख्यांच्या जास्त कामाची गोष्ट 1985 पासून पडून आहे: झीरो-नॉलेज प्रूफ. गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांची. कर्ज देणाऱ्याला खरं तर एवढंच हवं असतं की याचा पगार 50 हजारांच्या वर आहे ना? हो किंवा नाही. त्यासाठी आपण सहा महिन्यांचं स्टेटमेंट देतो, त्यात बिर्याणीच्या ऑर्डरी, डॉक्टरची फी, घरी पाठवलेले पैसे, सगळं! बँकेनं सही करून दिलेल्या आकड्यावरून फक्त ते ‘हो’ सिद्ध करून देता येतं. गणित तयार आहे. ते कर्जाच्या फॉर्मपर्यंत यायला मात्र मागणारं कुणीतरी हवं.

आता, सोमवारी ऑफिसात चिठ्ठ्या वाटायला बसणार असाल तर दोन गोष्टी. एक म्हणजे, कुणी पगार फुगवून सांगितला तर हे गणित त्याला पकडत नाही. फेकू तो फेकूच. दुसरी, तिघांतल्या दोघांनी संगनमत केलं तर तिसऱ्याचा पगार सरळ वजाबाकीनं निघतो. तेव्हा निदान सात-आठ जण गोळा करा, आणि लंचला कायम एकत्र बसणारेच सगळे घेऊ नका.