शर्यतीचा बॅनर लागला. पण परवानगीचा कागद पाहिला का?

गहू निघाला, उन्हाळ कांदा चाळीत पडला की नाशिक जिल्ह्यातल्या गावांना यात्रेचे वेध लागतात. चैत्र ते आखाजीपर्यंत कुठं ना कुठं यात्रा असतेच. यात्रा म्हटली की कुस्ती आणि तमाशा आला, आणि आता पुन्हा बैलगाडा शर्यतही आली. फाट्यावर बॅनर लागतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बक्षिसाच्या ट्रॅक्टरचा फोटो फिरतो. कुठला बैल येणार, कुणाची जोडी कुणाबरोबर जुंपणार यावर पारावर आठ-आठ दिवस चर्चा चालते. ज्यांच्या दावणीला एकही बैल राहिलेला नाही, तेही मोबाईलवर रात्री उशिरापर्यंत जुन्या शर्यती बघत बसतात.

एवढी ओढ असलेला हा खेळ काही वर्षं पूर्ण बंद होता, हे मात्र लवकर विसरायला होतं. तो का बंद झाला, कसा सुरू झाला आणि पुन्हा बंद पडू नये म्हणून काय पाळावं लागतं, हे शर्यतीला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

बंदी कशी आली?

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा आहे. काही प्राण्यांना खेळ करून दाखवण्यासाठी शिकवू नये वा त्यांचं प्रदर्शन करू नये, अशी यादी केंद्र सरकार या कायद्याखाली काढतं. अस्वल, माकड, वाघ हे प्राणी त्या यादीत आधीपासून होते. जुलै 2011 मध्ये त्यात बैलाचं नाव टाकलं गेलं.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 7 मे 2014 रोजी न्यायालयाने तमिळनाडूतलं जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, त्याला मारून, शेपटी पिरगाळून, टोचून पळवलं जातं, हा त्या निकालाचा मुख्य आधार होता. हे आरोप सगळ्यांनाच लागू नव्हते. पण पराणीला खिळा लावणारे, बैलाला दारू पाजणारे लोक मैदानात नव्हते, असंही कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतं. थोड्यांच्या करणीचं फळ सगळ्यांनी भोगलं.

बंदी उठली कशी?

जानेवारी 2016 मध्ये केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली. 2017 मध्ये तमिळनाडूत मोठं आंदोलन झालं आणि तिथल्या सरकारने स्वतःचा कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानेही कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतीसाठी वेगळे नियम तयार झाले. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे गाडे जागेवरच राहिले.

16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांप्रमाणे शर्यती घ्यायला मुभा दिली. मग 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात 2022 मध्ये लम्पी रोगाने जनावरांचे बाजार आणि शर्यती पुन्हा थांबवल्या होत्या, ते पशुपालकांना आठवत असेलच.

या शेवटच्या निकालातली एक गोष्ट फार कमी लोकांपर्यंत पोचली. नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी न्यायालयाने जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. म्हणजे शर्यतीची मोकळीक नियमांना बांधलेली आहे. नियम मोडले तर मोकळीकही धोक्यात येते.

परवानगी कशी मिळते?

गावकीची बैठक झाली, नारळ फुटला, बॅनर छापला, एवढ्याने शर्यत कायदेशीर होत नाही. आयोजकाला जिल्हा प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. त्यासोबत 50 हजार रुपयांची अनामत ठेवावी लागते. नियम मोडले तर ही रक्कम जप्त होऊ शकते. अर्ज नेमका कोणत्या टेबलावर द्यायचा, कोणते कागद जोडायचे, हे तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. यात्रेच्या तोंडावर धावपळ केली की कागद अर्धवट राहतात.

मुख्य अटी अशा आहेत:

• धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको. रस्त्यावर किंवा महामार्गावर शर्यत घेता येत नाही.

• पळण्यापूर्वी प्रत्येक बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी. आजारी, जखमी, अशक्त बैल पळवता येत नाही.

• चाबूक, काठी, खिळ्याची पराणी, विजेचा झटका देणारं साधन चालत नाही. शेपटी पिरगाळणं, चावणं हेही नाही.

• दारू किंवा उत्तेजक औषध देता येत नाही.

• बैलांना सावली, पाणी आणि विश्रांती मिळाली पाहिजे. उपचाराची सोय जागेवर हवी.

• शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यावं लागतं.

बैलाला क्रूरतेने वागवल्याचं सिद्ध झालं तर 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता तर आयोजकाच्या कॅमेऱ्याची वाटही बघावी लागत नाही. मैदानात हजार मोबाईल चालू असतात. हौसेने टाकलेला व्हिडिओच पुरावा ठरतो.

गावोगावची पद्धत निराळी

शर्यत हा शब्द एकच असला तरी खेळ सगळीकडे सारखा नाही. पुण्याकडे जुन्नर, आंबेगाव, खेड भागात चढणीचा घाट असतो. तिथे गाड्यावर माणूस बसत नाही, पुढे घोडी पळते आणि निकाल सेकंदावर लागतो. सातारा, सांगलीकडे सपाट मैदानात गाड्या एकदम सुटतात. तिथे आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल होते. विदर्भात याच हौसेला शंकरपट म्हणतात.

आपल्याकडे या पद्धतींची सरमिसळ दिसते. त्यामुळे बॅनर वाचताना बक्षिसाच्या आधी शर्यत कोणत्या पद्धतीची आणि कोणत्या वयाच्या बैलांची आहे ते बघावं. आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला गोऱ्हा. दुसा म्हणजे दोन कायमचे दात आलेला. हे दोन दात साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात येतात. आदत गटात मोठा बैल घुसवला म्हणून मैदानात भांडणं होतात, म्हणून दात बघणारा माणूस दोन्ही बाजूंना मान्य असलेला हवा.

पळायला खिल्लार जातीला पसंती असते, कारण ती अंगाने हलकी आणि चपळ. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडची डांगी जनावरं पावसात, भाताच्या चिखलात कामाला खंबीर. त्यांच्याकडून खिल्लारच्या वेगाची अपेक्षा करणं म्हणजे जनावरावर अन्याय.

वेगाला लगाम घातला म्हणून खेळ संपत नाही

नियमांमुळे मजा गेली, अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. यावर सातासमुद्रापलीकडचं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. अमेरिकेत स्टॉक कार नावाच्या मोटारींच्या शर्यती चालतात. आपल्या यात्रेसारखेच तिथले लोक वर्षभर त्यांची वाट बघतात आणि मैदानाबाहेर मुक्काम ठोकतात. अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगाच्या मैदानाचा एक फेरा सव्वाचार किलोमीटरहून थोडा जास्त आहे. 1987 मध्ये तिथे मोटारी ताशी 320 किलोमीटरच्या पुढे पळत होत्या. त्या मे महिन्यात बॉबी ॲलिसन या नामांकित चालकाच्या मोटारीचं टायर फुटलं. मोटार हवेत उडाली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. प्रेक्षकही जखमी झाले.

त्यानंतर आयोजकांनी 1988 पासून टॅलाडेगा आणि डेटोना या सर्वांत वेगवान मैदानांवर मोटारींच्या इंजिनात हवा कमी जाईल अशी पट्टी सक्तीची केली. वेग मुद्दाम कमी केला. तरी शर्यत बंद पडली नाही, उलट सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून पळू लागल्या आणि चुरस वाढली. यातून घ्यायचं ते एवढंच. खेळ टिकवायचा तर लगाम खेळणाऱ्यांनीच घालायचा असतो. आणि मोटारीत निदान बसलेला माणूस स्वतःच्या मर्जीने बसतो. बैलाला कुणी विचारत नाही. म्हणून त्याच्या वतीने विचार माणसानेच करायचा.

बघायला जाताना

बैल शेवटच्या रेषेवर ब्रेक लावल्यासारखा थांबत नाही. रेषा ओलांडूनही तो बराच पुढे जातो, आणि नेमकी तिथेच मोबाईल घेऊन गर्दी उभी असते. बिथरलेली जोडी कधी कडेच्या लोकांत शिरेल सांगता येत नाही. म्हणून लाकडी किंवा लोखंडी अडथळ्याच्या मागेच उभं राहावं. लहान पोरांना पुढे करू नये, खांद्यावर घेऊन रेषेजवळ तर अजिबात उभं राहू नये. फटाके वाजवू नयेत, बैलाच्या तोंडासमोर ड्रोन उडवू नये. आजूबाजूला कठडा नसलेली विहीर किंवा शेततळं असेल तर आयोजकांनी ते आधी बंदिस्त करावं.

उन्हाची वेळही महत्त्वाची. बैलाला घोड्याएवढा घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी लागोपाठ फेरे घेतले तर बैल धापा टाकत खाली बसतो, प्रसंगी मरतो. सकाळी लवकर सुरुवात करून दुपारी थांबणं बैलाच्याही हिताचं आणि माणसाच्याही.

बैलमालकाने कानातला बिल्ला, लसीकरणाची नोंद आणि तपासणीचा दाखला जवळ ठेवावा. आणि जी शर्यत विनापरवाना आहे तिथे बक्षीस कितीही मोठं असो, बैल नेऊ नये. गुन्हा दाखल झाला तर आयोजकाबरोबर आपलंही नाव त्यात येऊ शकतं. कर्ज काढून घेतलेला लाखमोलाचा बैल एका चुकीच्या फेऱ्यात पाय मोडून बसला, तर भरपाई द्यायला कुणी येत नाही.

सात वर्षांहून जास्त काळ हजारो शेतकऱ्यांनी शर्यत नसताना बैल सांभाळले, काहींनी विकले. आता खेळ परत मिळाला आहे. तेव्हा यंदा फाट्यावर बॅनर दिसला की आधी आयोजकांना एकच प्रश्न विचारावा, परवानगीचा कागद दाखवता का? जो आयोजक नियमाने चालतो, त्याला हा प्रश्न जड जाणार नाही.