रफार जागेवर बसेपर्यंत

दुकानात नवा फोन आला किंवा जुना दुरुस्तीला आला, की मी मेसेजच्या चौकटीत एक शब्द टाइप करून बघतो: बार्शी. ही सवय २०११ पासूनची. त्या काळी काउंटरवर येणाऱ्या कितीतरी फोनांवर हा शब्द धड उमटत नसे. काहींवर नुसते चौकोन यायचे. काहींवर ब, काना, मग पाय मोडलेला र आणि शेजारी शी, असा शब्द सुटा पडायचा. रफार डोक्यावर चढायचाच नाही. ज्या गावात माझं दुकान, त्या गावाचं नाव ज्या फोनला लिहिता येत नाही, तो फोन गिऱ्हाइकाच्या हातात देताना जिवाला लागायचं.

अँड्रॉइडची सगळ्यांत चांगली आवृत्ती कोणती आणि सगळ्यांत वाईट कोणती, हा प्रश्न शिकलेली पोरं दुकानात नेहमी काढतात. ती कॅमेरा, गेम आणि स्क्रीनच्या देखणेपणावरून भांडतात. माझा हिशेब वेगळा आहे, कारण माझ्या काउंटरवर फोन येतो तो बंद पडल्यावर किंवा अडल्यावर. "हँग होतंय बघा की", "मेमरी फुल म्हणतंय", "तेवढं सॉफ्टवेअर मारून द्या" या तीन वाक्यांत माझी पंधरा वर्षं गेली. या वाक्यांची गर्दी कधी वाढली आणि कधी ओसरली, यावरून मला आवृत्त्या आठवतात.

अँड्रॉइडचा पहिला फोन, टी-मोबाइल जी-१, २००८ साली अमेरिकेत विकायला आला. आमच्याकडे त्याच साली उस्मानाबाद–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज होऊन बार्शीच्या रुळांवर मोठी गाडी आली. अँड्रॉइड हे नाव मात्र गावात दोन-तीन वर्षांनी ऐकू यायला लागलं, तेही जिंजरब्रेडबरोबर. ही २.३ आवृत्ती डिसेंबर २०१० ची. कपकेक, डोनट ही आधीची नावं माझ्या काउंटरवर कधी आलीच नाहीत. टॅबलेटपुरती काढलेली हनीकोंबही नाही.

जिंजरब्रेडचे फोन चिवट होते. रॅम पाव जीबीच्या आसपास, स्क्रीन चार बोटांची, तरी दिवसभर चालायचे. पण देवनागरीशी त्यांचं जमत नव्हतं. फॉन्ट नसला की चौकोन. एखाद्या कंपनीने फॉन्ट घातला, तरी अक्षरं जोडणारी यंत्रणा नसली की जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर पडायची. मराठी पेपर वाचायचा असला तर एक युक्ती होती. ऑपेरा मिनी घ्यायचं, पत्त्याच्या जागी एक विशिष्ट शब्द टाकून त्याच्या आतल्या सेटिंग उघडायच्या आणि अवघड लिप्या चित्ररूपाने दाखव असं सांगायचं. मग पानावरचा मजकूर सर्व्हरवरच चित्र होऊन यायचा आणि रफार, वेलांटी, जोडाक्षर सगळं जागेवर दिसायचं. मी ही सेटिंग शेकडो फोनांत करून दिली आणि तिचे पैसे कधी घेतले नाहीत. आपली भाषा वाचायला मिळावी म्हणून कोणाला पैसे मोजायला लागावेत, हे मला पटत नव्हतं.

२०१२ च्या जेलीबीनने दोन गोष्टी सुधारल्या. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा बदलेल असं काम आतून केलं गेलं, त्यामुळे बोट फिरवलं की पान बोटाबरोबर सरकायला लागलं. आणि माझ्या काउंटरवर जेलीबीनच्या फोनवर बार्शी लिहिलं तेव्हा रफार शीच्या डोक्यावर जाऊन बसला. ४.२ मध्ये मात्र एक विचित्र चूक राहिली होती. संपर्क यादीत वाढदिवस नोंदवायला गेलं तर महिन्यांत डिसेंबरच नव्हता. ४.२.१ मध्ये तो परत आला.

दिसण्याचा प्रश्न सुटला, आता लिहिण्याचा. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून स्वरचक्र नावाचा कीबोर्ड आला. त्यात व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. क वर बोट ठेवलं की भोवती चाक उघडायचं आणि त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी दिसायची. इंग्रजी कीबोर्डला हात लावायला घाबरणारी माणसं हे पाच मिनिटांत शिकायची, कारण क्रम शाळेतल्या पाटीवरचा होता. एका मावशींना मी तो घालून दिला, तर त्यांनी पहिला शब्द लिहिला तो भगवंत, आमच्या ग्रामदैवताचं नाव. बार्शीच्या माणसाला दुसरा कोणता सुचणार!

मग आली किटकॅट, ऑक्टोबर २०१३ ची ४.४. माझ्या मते ही अँड्रॉइडची सगळ्यांत चांगली आवृत्ती. याचं कारण सांगायला मला बार्शी लाईट रेल्वेकडे जावं लागेल.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे आखली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी धावली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्या काळी अशा छोट्या रेल्वेला लोक खेळणं म्हणत. कॅलथ्रॉपने नियम एकच घातला: इंजिन असो, डबा असो की मालवाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला, म्हणून हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल जाऊ शकला. रूळ कसे आहेत ते आधी बघितलं आणि गाडी त्यांना बेतून केली.

किटकॅट करणाऱ्यांनी हेच केलं. गूगलमधल्या डेव्ह बर्क यांच्या टीमने नेक्सस ४ या दोन जीबी रॅमच्या फोनची मेमरी मुद्दाम ५१२ एमबीपर्यंत खाली आणली, प्रोसेसरचा वेग उतरवला आणि त्या लंगड्या केलेल्या फोनवर रोजचं काम केलं. जिथे अडलं तिथे सिस्टिमचं वजन कमी केलं. मेमरीत पडून राहिलेला माल दाबून, घड्या घालून ठेवायची सोय केली. त्यामुळे चार-पाच हजारांचा फोनही नीट चालायला लागला. १५ सप्टेंबर २०१४ ला अँड्रॉइड वनचे पहिले फोन भारतात आले, तेही किटकॅटवरच: मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन कंपन्यांचे, एक जीबी रॅमचे, ६,३९९ रुपयांपासूनचे. त्या दिवाळीत "हँग होतंय" हे वाक्य माझ्या दुकानात खरोखर कमी झालं.

किटकॅटमध्ये खोट नव्हती असं नाही. बाहेरून घातलेल्या मेमरी कार्डावर ॲपला लिहायची मुभा तिने काढून घेतली. आमच्याकडे फोनची निम्मी दुनिया त्या कार्डावर असायची: भजनं, लावण्या, लग्नाचे व्हिडिओ. फाइल मॅनेजरमधून गाणं पुसायला जावं तर पुसलं जाईना. माणसं कार्ड काढून घेऊन यायची आणि मी कॉम्प्युटरला लावून साफ करून द्यायचो.

वर्षभराने, नोव्हेंबर २०१४ मध्ये, लॉलीपॉप आली. हिच्याबद्दल मी आजही मनातल्या मनात भांडतो.

५.० मध्ये ॲप चालवायची पद्धतच बदलली. पूर्वी ॲपमधला कोड चालता चालता यंत्राच्या भाषेत उतरवला जायचा, आता तो ॲप घेतानाच पूर्ण उतरवून ठेवला जाऊ लागला. भारी फोनवर याचा फायदा झाला. स्वस्त फोनवर मात्र ॲप घ्यायला वेळ लागू लागला, त्यांनी जागाही जास्त खाल्ली, आणि अपडेट झाल्यावर फोन उघडताना एकेक ॲप मोजत बसायचा. मेमरी गळतीची तक्रार जगभर झाली. ॲप बंद केलं तरी त्याने धरलेली मेमरी सुटत नव्हती. दोन-तीन दिवसांत रॅम भरायची आणि फोन बंद करून चालू करण्याशिवाय इलाज राहायचा नाही. दुरुस्त्या ५.१ पासून येत गेल्या. शिवाय साधा सायलेंट मोड काढून टाकला गेला. त्याच्या जागी आलेल्या पर्यायांत 'काहीच नको' निवडलं की रिंगच नव्हे, पहाटेचा गजरसुद्धा वाजत नसे. पहाटे पाण्याची पाळी असलेल्या शेतकऱ्याला याचा अर्थ काय, हे ती सिस्टिम करणाऱ्या खोलीत कोणीतरी विचारायला हवं होतं. हलक्या रुळांवर जड इंजिन आणून उभं केलं, असंच मला वाटलं. माझ्या यादीत सगळ्यांत वाईट आवृत्ती हीच.

पण याच ५.० मध्ये पंधरा नव्या भाषा आल्या आणि त्यांत मराठी होती. त्याआधी साध्या अँड्रॉइडमध्ये हिंदी होती, मराठी नव्हती. पहिल्यांदाच संपूर्ण फोन, मेन्यू, सूचना, सेटिंग, सगळं मराठीत दिसू लागलं. कंट्रोलच्या पट्टीत टॉर्चचं बटणही आलं. लोडशेडिंगच्या गावात त्याची किंमत मोठी. तोवर लोक टॉर्चसाठी कुठलंतरी ॲप घ्यायचे आणि ते उजेडाच्या बदल्यात तुमचा ठावठिकाणा मागायचं. अमेरिकेत तर टॉर्चच्या एका ॲपवर लोकांची जागा परस्पर जाहिरातवाल्यांना दिल्याबद्दल २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कारवाई केली होती. ही परवानगीची भानगड मार्गावर आणली ती लॉलीपॉपच्या पुढच्या वर्षीच्या मार्शमेलोने. आधी ॲप घेताना सगळ्या परवानग्या एकदम द्यायच्या, नाहीतर ॲप नाही. मार्शमेलोपासून प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी विचारली जाऊ लागली आणि 'नाही' म्हणता येऊ लागलं. साध्या माणसाला नाही म्हणायची सोय मिळणं ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट.

पुढचा काळ भराभर गेला. २०१६ च्या नोगटने ॲप मोजत बसणं संपवलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि ज्यांनी कधी नेट लावलं नव्हतं ते दिवसभर व्हिडिओ बघू लागले. किटकॅटचा धडा २०१७ अखेरच्या ओरिओ गो मध्ये पुन्हा आठवला गेला, एक जीबी आणि त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी. २०१९ ला मिठायांची नावं गेली आणि नुसता आकडा उरला, १०. ती शांत, समजूतदार आवृत्ती होती. तिच्याबद्दल काउंटरवर कोणी तक्रार घेऊन आल्याचं फारसं आठवत नाही. २०२२ च्या १३ ने हवी ती भाषा ॲपनुसार निवडायची सोय दिली: फोन इंग्रजीत, व्हॉट्सॲप मराठीत. पण त्याच १३ मध्ये गो आवृत्तीला किमान दोन जीबी रॅम लागू लागली. भार पुन्हा वाढला.

जुनी जिंजरब्रेडची चार-पाच यंत्रं अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. व्हॉट्सॲप त्यांवर १ फेब्रुवारी २०२० ला थांबलं, २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगलचं खातंही उघडत नाही. चार्जिंगला लावली की चालू होतात आणि बार्शीचा र अजूनही पाय मोडून उभा राहतो. नव्या फोनांवर बार्शी सुधारली, पण 'शेतकर्यांना' असं चुकलेलं आजही रोज ग्रुपवर येतं, कारण 'शेतकऱ्यांना' मधला तो ऱ्य काढायचा कसा हे बऱ्याच जणांना अजून सापडलेलं नाही. मी नवीन फोन दाखवताना तो शब्दही टाइप करून घेतो.

लॉलीपॉपबद्दलचं माझं मत मात्र एका माणसाने अडवून ठेवलंय. २०१५ ची गोष्ट. वैरागकडचे एक आप्पा तूर घेऊन मार्केट यार्डात यायचे, पट्टी झाली की दुकानात डोकवायचे. एक जीबीचा फोन, नुकताच किटकॅटवरून लॉलीपॉपवर गेलेला. मी भाषेच्या यादीत मराठी निवडून दिली. आप्पांनी स्टूल ओढलं आणि सेटिंगमधली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. आवाज, बॅटरी, तारीख, सुरक्षा. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पोथी वाचावी तसा फोन वाचत होता.

महिन्याभराने ते परत आले. फोन रांगत होता. मेसेज उघडायला सात-आठ सेकंद, फोन उचलेपर्यंत समोरचा ठेवून देई. मी म्हणालो, "आप्पा, याला आधीचं सॉफ्टवेअर मारून देतो. पहिल्यासारखा पळंल. फक्त मराठी जाईल, हिंदी नाहीतर इंग्रजी घ्यावी लागंल."

आप्पांनी फोन माझ्या हातातून परत घेतला. "पळून कुठं जायचंय त्याला?" म्हणाले. "राहू द्या. हळू चालंल, पण काय म्हणतंय ते कळतंय तरी."

मग त्यांनी बाजार समितीचा मेसेज उघडला, तो दिसेपर्यंत फोन दोन्ही हातांत धरून थांबले, आणि तुरीचा भाव मला वाचून दाखवला.