पाणबुडीची बॅटरी आणि अंबरनाथचा उतारा

बुधवारी, 15 जानेवारी 2025 ला, ‘वागशीर’ नौदलात दाखल झाली. कलवरी वर्गातली ही सहावी आणि शेवटची पाणबुडी. सोहळा सगळ्यांनी पाहिला. त्याच्या पंधरवडाभर आधी, 30 डिसेंबरला, माझगाव डॉकशी झालेला सुमारे 1990 कोटींचा करार मात्र फारसा कुणी वाचला नसेल. अंबरनाथकरांनी तरी तो वाचायला हवा. आम्हा पश्चिमेकडच्यांना संरक्षण खातं म्हटलं की ऑर्डनन्स फॅक्टरी आठवते. पण हा करार ज्या ‘एआयपी’ यंत्रणेसाठी, म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखाली वीज पुरवणाऱ्या यंत्रणेसाठी झाला, ती रुळांपलीकडे, शीळ-बदलापूर रस्त्यावरच्या एनएमआरएलमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या नौदल साहित्य प्रयोगशाळेत घडली.

एआयपी म्हणजे पाणबुडीचं नवं इंजिन, असं सर्रास छापलं जातं. तसं काही नाही. ही सगळी भानगड बॅटरी चार्ज करण्याची आहे.

कलवरीच्या पोटात प्रत्येकी 750 किलोचे 360 सेल आहेत, म्हणजे नुसती बॅटरीच 270 टनांची. ती भरायला 1250 किलोवॉटची दोन डिझेल इंजिनं. पाण्याखाली मोटर फिरते ती बॅटरीवर आणि बॅटरी उतरली की इंजिनं सुरू करावी लागतात. इंजिनांना हवा लागते. त्यासाठी पाणबुडी पृष्ठभागाजवळ आणून स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची. ती नळी रडारला दिसू शकते, इंजिनांचा आवाज दूरवर ऐकू जातो. वर समुद्र खवळलेला असला की लाटेसरशी नळीची झडप मिटते, इंजिनं आतलीच हवा ओढू लागतात आणि खलाशांच्या कानांना दडे बसून ते दुखतात. दोनातलं एक इंजिन रुसलं, तर हा उघड्यावरचा वेळ जवळपास दुप्पट.

इंजिनं ठणठणीत असली तरी दुखणं संपत नाही. शिसं-आम्लाची बॅटरी सुरुवातीला भराभर भरते, शेवटचा टप्पा मात्र रेंगाळत घेते. शत्रूच्या टापूत तेवढी सवड कोण देणार? म्हणून चार्जिंग अर्धवट सोडून बुडी मारायची. वारंवार असं झालं की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता घटते. घरच्या इन्व्हर्टरचं होतं तेच. सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एक कमजोर सेल बाकीच्यांना मागे ओढतो. तो हुडकायचा तर प्रत्येक सेलचा व्होल्टेज, आम्लाची घनता आणि तापमान बघावं लागतं.

शिवाय भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. 2010 मध्ये विशाखापट्टणमला ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर आग लागून एक नौसैनिक मृत्युमुखी पडला. बॅटरीच्या सदोष झडपेतून गळलेला हायड्रोजन हे त्याचं कारण सांगितलं गेलं.

गंमत अशी, की एनएमआरएलने उतारा शोधला तो याच हायड्रोजनमध्ये. फॉस्फरिक आम्लाच्या इंधनघटात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन थेट वीज आणि पाणी मिळतं. ज्वाला नाही, धडधड नाही. ऑक्सिजन द्रवरूपात बरोबर न्यायचा. हायड्रोजनचा साठा मात्र करायचाच नाही. सोडियम बोरोहायड्राइडची पाण्याशी प्रक्रिया घडवून लागेल तसा तो तयार करायचा. या प्रक्रियेत निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच येतो, हे मला सगळ्यात आवडलेलं. जर्मनांच्या पाणबुड्या तो धातूंच्या हायड्राइडमध्ये कोंडून नेतात, फ्रेंचांचं ‘मेस्मा’ तर चक्क वाफेचं टर्बाइन चालवतं. आपली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. फॉस्फरिक आम्लाचा इंधनघट अवजड असतो, पण हायड्रोजन शंभर नंबरी शुद्धच हवा असा हट्ट धरत नाही. बोरोहायड्राइड महाग पडतं, हेही खरंच.

मात्र एआयपीची वीज बेताची असते. संथ गस्त आणि आतल्या गरजा ती भागवते, त्यामुळे बॅटरी शिल्लक राहते आणि स्नॉर्केलची पाळी लांबते. पाठलाग किंवा पळापळ करायची झाली तर पुन्हा त्याच 360 सेलना हात घालायचा. ‘आता पाणबुडीला वर यायलाच नको’ वगैरे मथळे म्हणूनच बाजूला ठेवावेत.

उशिराबद्दल बोलायलाच हवं. सहा पाणबुड्यांचा मूळ करार 2005 चा. शेवटच्या दोन एआयपीसह याव्यात असा बेत होता, तो हुकला. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स यांच्या साथीने जमिनीवरचा नमुना सिद्ध झाला 8 मार्च 2021 रोजी. पाकिस्तानच्या अगोस्टा पाणबुड्यांवर मेस्मा केव्हाच बसलं आहे. आता आपली पाणबुडी मधोमध कापून एआयपीचा नवा भाग जोडायचा, म्हणजे ती तेवढा काळ गोदीत अडकणार.

प्रयोगशाळेच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, नियोजनाला काठावर पास करणंही जड जातं. ‘वागशीर’सकट सहाही पाणबुड्या आजच्या घडीला डिझेल इंजिनांवरच बॅटऱ्या भरतात.