चौकटीचा चौथा कोपरा का जुळत नाही?

पेणला किंवा रोह्याला सुताराकडे गणपतीच्या मखराची चौकट होताना पाहा. गोल करवतीच्या टेबलावर एक खाच असते. लाकूड ४५ अंशांत धरणारी सरकपट्टी तिच्यातून पुढे जाते. ३०० मिलिमीटर लांबीची ही पट्टी खाचेत १ मिलिमीटर सैल असली, तर कोन ०.२ अंशापर्यंत चुकतो. एवढ्याने काय बिघडते? पण चौकटीला काप आठ! सगळ्या चुका एकाच बाजूच्या असल्या, तर शेवटच्या कोपऱ्यात दीड अंशाची फट पडते. शिवाय लाकूड तिरके होऊन पात्यात अडकले, तर ते उसळून अंगावर येते.

म्हणून सुतार आधी वीज बंद करतो, पट्टी काढून तिच्या कडेवर पंचाने ठोके देतो. ठोक्याभोवतीचा धातू किंचित उचलला जातो. पट्टी घट्ट बसते.

तुम्ही पुठ्ठ्याची चौकट ४४ अंशांचे काप घेऊन जुळवा. फट किती अंशांची पडेल, ते आधी सांगा; मग मोजा!