‘कनेक्ट वॉलेट’ दाबल्यावर नेमकं काय होतं?

घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल, तर त्याच्या लॅपटॉपवर ‘कनेक्ट वॉलेट’ हे बटण तुम्ही पाहिलं असेल. त्याची भीती वाटते ती चुकीच्या जागी, म्हणून आज जरा सविस्तर.

इथेरियम ही २०१५ पासून चालू असलेली सामाईक खातेवही. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. वेबसाइटमधली जावास्क्रिप्ट त्यातल्या एखाद्या संगणकाला विचारून कुणाचीही शिल्लक वाचू शकते, परवानगी लागत नाही. वहीत लिहायचं असेल तर मात्र सही लागते, आणि सहीची किल्ली वेबसाइटकडे नसते. ती असते मेटामास्कसारख्या वॉलेटमध्ये. साइट फक्त विनंती करते.

‘कनेक्ट’ केल्यावर साइटला तुमच्या खात्याचा पत्ता कळतो, इतकंच. पैसे हलत नाहीत.

खरी मेख पुढच्या खिडकीत आहे. तिथे ‘अप्रूव्ह’ दाबलं, की अमुक प्रोग्रामला माझ्या खात्यातून इतके टोकन काढू दे, अशी नोंद वहीत होते. सोयीसाठी बऱ्याच साइट्स ही मर्यादा अमर्याद मागतात. म्हणजे सही केलेला कोरा चेकच! आणि नंतर ‘डिस्कनेक्ट’ केलं तरी तो रद्द होत नाही. परवानगी मागे घेण्याचा वेगळा व्यवहार करावा लागतो, त्याचं थोडं शुल्कही पडतं.

साइट ओळखीची आहे, हे पुरेसं नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी लेजर कंपनीच्या ‘कनेक्ट किट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत चोरांनी आपला कोड घुसवला. एका माजी कर्मचाऱ्याला फसवून त्यांनी प्रवेश मिळवला होता. ती लायब्ररी वापरणाऱ्या साइट्स प्रामाणिकच होत्या, तरी काही तासांत लोकांचे लाखो डॉलर गेले. बँकेसारखं फोन करून व्यवहार उलटवणं इथे नाही.

म्हणून मुलांना सांगा: साइट काय म्हणते ते सोडा, वॉलेटच्या खिडकीत काय लिहिलंय ते वाचा. रक्कम अमर्याद दिसली तर हवी तेवढीच टाका. शिकायचंच असेल तर सेपोलिया हे चाचणीचं नेटवर्क आहे, तिथल्या इथरला बाजारात किंमत नाही. हवं तेवढं मोडा-जोडा. आणि वॉलेटचे ते बारा शब्द कोणत्याही साइटवर टाइप करायचे नाहीत, मदत केंद्राच्या नावाने कुणी मागितले तरी!